डॉक्टर अजून आत आहेत

कडीला कडी हे नाव घरच्यांनीच पाडलं होतं. ते इतकं चिकटलं की पुढे मित्रांनी, ऑफिसातल्यांनी आणि शेवटी बायकोनंही तेच उचललं. लहानपणी तो झोपायला जाण्याआधी घरातली प्रत्येक कडी हात लावून बघायचा. मोठेपणी त्यात गॅसचं बटण, नळ, पंखे आणि कंप्युटरची भर पडली. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी निघताना त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावून यायचा. ऑफिसात कुणी लॉगआउट न करता चहाला गेलं, तर तो माणूस परत येईपर्यंत कडी त्याच्या खुर्चीमागे उभा राहायचा. बोलायचा काही नाही, नुसता उभा. त्या उभं राहण्याची लोकांनी इतकी धास्ती घेतली होती की काहीजण पाणी प्यायला उठतानाही लॉगआउट करायचे.

त्याची मोठी बहीण, म्हणजे ताई, याच्या अगदी उलट. ती एक छोटा रेडिओ चालवायची, शहराच्या त्या भागापुरता ऐकू येणारा. एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत त्याचा सगळा पसारा होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, टेबलावर दोन माइक, आणि खालचं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं की टेबलासकट दोन्ही माइक थरथरायचे. कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेले असत. एक संपला की ताईनं कंप्युटरपाशी जाऊन दुसरा लावायचा. तिला फोन आला, किंवा ती गच्चीवर कुणाशी बोलत उभी राहिली, की रेडिओ मुका. मग कुणीतरी श्रोता खालून हाक मारायचा, "ताई, संपलं."

कडीला हे बघवत नव्हतं. त्याची बायको बाळंत झाली होती आणि माहेरी आईजवळ राहत होती. पाचेक तासांच्या प्रवासावरचं गाव. तो रजा घेऊन तिकडे निघायचा होता, पण त्याआधी ताईच्या रेडिओला वळण लावून जायचं त्यानं ठरवलं. ऑफिसातून मोडीत निघालेलं एक बरं मशीन आणलं, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, स्वतःच्या नावाचं खातं उघडलं आणि त्या खात्यात एक सर्व्हिस लिहिली. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालणारं काम. सकाळी ठरल्या वेळी पहिला कार्यक्रम लागणार, मग दुसरा, मग तिसरा. मध्येच काही बिघडून काम कोसळलं, तर ते आपलं आपण उठून पुन्हा सुरू होणार.

प्रक्षेपण संपल्यावर संध्याकाळी त्यानं ताईला समोर बसवून ते करूनही दाखवलं. चालतं काम मुद्दाम पाडलं, ते उठलं. पुन्हा पाडलं, पुन्हा उठलं.

"म्हणजे मी काय करायचं?" ताईनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हात लावायचा नाही, एवढंच करायचं."

मग त्यानं जुना कंप्युटर काढला, त्याच्या वायरी गुंडाळून रबरबँड लावले आणि सगळं माळ्यावर ठेवलं. नव्या मशीनमधून लॉगआउट केलं, कीबोर्डवरून फडकं फिरवलं आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सासरच्या आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून आपल्या मुलीकडे बघत होता. मुलगी काही दिवसांची होती. आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा, आणि तिच्या आईचाही. तेवढ्यात फोन थरथरला.

"रेडिओ बंद आहे," ताई म्हणाली.

"शक्यच नाही," कडी कुजबुजला.

"मग मी बहिरी झाले असेन. खालच्या लाँड्रीवाल्या वहिनीपण झाल्या असतील. येऊन विचारून गेल्या, आज सुट्टी आहे का म्हणून."

कडीनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि इथूनच ताईच्या मशीनमध्ये लॉगिन केलं. सर्व्हिसची अवस्था विचारली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं की काम चालू आहे.

"चालू तर आहे."

"हो, हो, लागलं बघ आत्ता. काय केलंस?"

"काही केलं नाही. चालूच होतं. तुझा आवाजाचा खटका खाली असेल."

तिकडून फोनमधून पोस्टमास्तरांचा आवाज येत होता. हे निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळचा पहिला कार्यक्रम करत आणि त्याची सुरुवात कायम ठरलेली असे. "नमस्कार, नमस्कार, नमस्कार. घरात असलेल्यांना नमस्कार, घराबाहेर पडलेल्यांना नमस्कार, आणि अजून अंथरुणात असलेल्यांना दोनदा नमस्कार." कडीनं समाधानानं लॉगआउट केलं, काही क्षण कान देऊन ऐकलं, आवाज चालूच होता, मग फोन ठेवला.

चहाचा कप तोंडाला लावतोय तोच पुन्हा फोन.

"गेला."

"कोण गेला?"

"पोस्टमास्तर. तिसऱ्या नमस्काराच्या पुढे थोडं गेले आणि गेले."

कडीनं पुन्हा लॉगिन केलं. हिरवी अक्षरं. काम चालू.

"ताई, मी डोळ्यांनी बघतोय. चालू आहे."

"आत्ता आहे. पुन्हा पहिल्यापासून नमस्कार घालतायत. मघाशी नव्हतं."

"मी मघाशीपण बघितलं होतं."

"तू बघतोस तेव्हा असतं रे. मी काय करू?"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा कडी वैतागला आणि त्यानं मशीननं ठेवलेल्या नोंदी उघडल्या. काम कोसळलं असतं तर नोंदींत तशी खूण दिसली असती, आणि ते आपोआप उठलंही असतं. पण नोंदींत कोसळल्याचं नावच नव्हतं. प्रत्येक वेळी काम अगदी रीतसर, शांतपणे थांबवलेलं होतं. कुणीतरी सांगितलं थांब, आणि ते थांबलं.

"ताई, खरं सांग. तू हात लावतेस ना?"

"कशाला?"

"मशीनला. इथे स्वच्छ दिसतंय. कुणीतरी व्यवस्थित बंद करतंय."

मग ताई अगदी हळू बोलायला लागली, आणि ती हळू बोलायला लागली की घरातले सगळे जपून असत.

"हे बघ, मी खुर्ची ओढून मशीनपासून लांब बसलेय. हात मांडीवर आहेत. व्यवस्थितपणे काहीही करण्याचा आरोप माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच होतोय. तुला कुणी व्यवस्थित माणूस शोधायचा असेल तर आरशात शोध."

"मग दुसरं कोण आहे तिथे?"

"आई आहे. डबा घेऊन आली होती. तिनं मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, तिला ते फ्रिजचा स्टॅबिलायझर वाटतंय."

इकडे बायकोनं डोळे न उघडता विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही, ताईचा रेडिओ."

"एक तर तो लॅपटॉप उघडा ठेव, नाहीतर बंद ठेव. दर पाच मिनिटांनी खटखट करून तू हिला उठवणार आहेस. आणि ही उठली की मी तुला उठवणार नाहीये, मी तुला हाकलणार आहे."

कडी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आला.

तिकडे ताईपुढे वेगळाच प्रश्न होता. रेडिओ मुका ठेवणं म्हणजे दुकान उघडं टाकून आत कुणी नसण्यासारखं, असं ती मानायची. स्वतः बोलावं तर फोन सारखे वाजत होते. आधी श्रोते विचारत होते काय झालं, मग खुद्द पोस्टमास्तरांचा आला. ते घरी नाश्ता करत स्वतःला ऐकत होते आणि ताईनं त्यांचा नमस्कार इतक्यांदा लावावा हा त्यांना गौरव वाटत होता की टिंगल, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. त्यांची समजूत घालता घालता ताईनं आईला खुणेनं माइकपुढे बसवलं.

"काय बोलू?" आईनं विचारलं. हे सगळ्या श्रोत्यांना ऐकू गेलं.

"काहीपण बोल. पाच मिनिटं."

आई एरवी अबोल नव्हती, पण अबोल दिसायची, कारण घरात तिला वाक्य पुरं करू देईल असं कुणी नव्हतं. इथे समोर गादी ठोकलेली भिंत होती. भिंत मध्ये बोलत नव्हती. आईनं घसा साफ केला.

"माझ्या मुलानं हे मशीन बसवलंय आणि ते बंद पडलंय," तिनं सुरुवात केली. "त्याला रागावू नका. तो फार नीटनेटका आहे. इतका की एकदा त्यानं डॉक्टरांना कोंडलं होतं."

घटना खरी होती. कडीच्या आजोबांना ताप आला होता म्हणून डॉक्टर घरी आले. तपासून झाल्यावर हात धुवायला मागच्या न्हाणीघरात गेले. सहा वर्षांचा कडी मागून आला, दार नुसतं लोटलेलं दिसलं, आणि त्यानं बाहेरून कडी घातली. मग समोरचं दारही लावून घेतलं आणि शाळेत निघून गेला. घरच्यांना वाटलं डॉक्टर न सांगताच गेले. कुणी म्हणालं, आजोबांची प्रकृती इतकी वाईट असेल की त्यांना तोंडावर सांगवेना. आजी रडायला बसली. आजोबा रडणं ऐकून घाबरले आणि त्यांचा ताप वाढला.

"आणि डॉक्टर," आई म्हणाली, "डॉक्टर फार सभ्य हो. दुसऱ्याच्या घरात आरडाओरडा कसा करायचा म्हणून ते आतून अगदी हळू टकटक करत होते. आम्हाला वाटलं शेजारी खलबत्ता चाललाय. मग काय झालं..."

"नमस्कार, नमस्कार, नमस्कार," पोस्टमास्तर म्हणाले.

बाहेरच्या खोलीत बसून कडीनं पुन्हा लॉगिन केलं होतं.

माइक आणि मशीन, दोघांचे आवाज एकाच पेटीतून पुढे जात. त्यामुळे श्रोत्यांना दोघंही ऐकू आले. आईला वाटलं कुणी पाहुणे आले. ती म्हणाली, "नमस्कार, बसा," आणि रीतीप्रमाणे गप्प बसली. पोस्टमास्तर हवापाण्याबद्दल बोलू लागले. कडीनं हिरवी अक्षरं बघितली, मान हलवली, लॉगआउट केलं. पोस्टमास्तर आणखी दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याच्या मध्यात नाहीसे झाले.

"गेले वाटतं," आई म्हणाली. "तर डॉक्टर आत होते."

पुन्हा लॉगिन. पुन्हा तीन नमस्कार. आईनं या खेपेला एकच परत केला. त्यानंतरच्या खेपेला तिनं जरा चिडून म्हटलं, "अहो, आत्ताच तर घातलात."

एव्हाना ताईच्या फोनवर तक्रारींची तऱ्हाच बदलली होती. आता कुणी रेडिओ बंद का म्हणून विचारत नव्हतं. लाँड्रीवाल्या वहिनींनी खालचं मशीन थांबवून टाकलं होतं, माइक थरथरू नये म्हणून. एका केस कापणाऱ्यानं दुकानातून फोन केला. त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक दाढी उरकली तरी उठायचं नाव घेत नव्हतं आणि बाकावरची माणसं विचारत होती, त्या नमस्कारवाल्या गृहस्थांना कुणी गप्प करेल का.

रेडिओ मोबाइलवरही ऐकू यायचा. कडीच्या सासूबाईंना जावयाची धावपळ दिसत होती, म्हणून स्वयंपाकघरात त्यांनी कुतूहलानं तो लावला होता. विहीणबाईंचा आवाज ऐकून त्यांनी आधी भुवया उंचावल्या. दोघींचं तसं काही वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. लग्नापासून त्या एकमेकींशी फार आदरानं वागत, म्हणजे शक्यतो बोलत नसत. पण डॉक्टर न्हाणीघरात अडकल्यापासून सासूबाईंनी मोबाइल फोडणीपासून लांब, कानाजवळच्या फळीवर ठेवला होता.

पाचव्या नमस्काराला त्या हातात झारा घेऊन बाहेर आल्या.

"जावईबापू, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही आत्ता त्याच्यावर काही केलंत का?" झाऱ्यानं त्यांनी लॅपटॉप दाखवला.

"लॉगिन केलं. चालू आहे का ते बघायला."

"तेच. तुम्ही ते उघडलं की तो नमस्कारवाला येतो. तुम्ही मिटलं की थोड्या वेळानं तो जातो आणि विहीणबाई बोलायला लागतात. मी मघापासून बघतेय. तर जरा उघडू नका ना. डॉक्टर अजून आत आहेत."

कडीनं त्यांचा मोबाइल मागून घेतला, टेबलावर ठेवला, लॉगआउट केलं आणि बोटं आवळून बसला. पोस्टमास्तर बोलत होते. बोलत होते. कडीनं श्वास सोडला, आणि नेमकं त्याच वेळी पोस्टमास्तर थांबले. आठ-दहा सेकंद गेले असतील. इतकेच, की माणसानं खात्री करून फोन ठेवावा. त्यानं लॉगिन केलं. नमस्कार, नमस्कार, नमस्कार. लॉगआउट. थोडा दम. शांतता.

"अहो, पुन्हा कशाला उघडलंत?" सासूबाई म्हणाल्या.

कडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सकाळपासून ताईच्या मशीनला हात लावून रेडिओ बंद करणारा तो व्यवस्थित माणूस त्याला सापडला होता.

स्वतःच्या मोबाइलवर लिनक्सची माहिती उघडून त्यानं वाचायला घेतलं. ऑफिसात तो सगळी कामं मशीनच्या स्वतःच्या नावावर चालवायचा, माणसाच्या खात्यात कधी नाही. इथे ताईकडे सगळं सुटसुटीत ठेवायचं म्हणून पहिल्यांदाच आपल्या खात्यात सर्व्हिस टाकली होती, आणि तिथेच फसगत झाली होती. सासूबाई झारा घेऊन उभ्याच होत्या, म्हणून त्यानं त्यांना समजावून सांगितलं.

"मी मशीनमध्ये शिरलो की मशीन माझ्या कामांवर एक कारभारी नेमतं. माझ्या नावावरची पडद्यामागची कामं तो सुरू करतो. मी निघालो, आणि माझ्या नावानं आत दुसरं कुणीही उरलं नाही, की तो थोडा वेळ वाट बघतो. मग सगळी कामं आवरतो, दिवे मालवतो आणि घरी जातो."

"चांगला आहे की," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याच वळणावर गेलाय."

"काल संध्याकाळी मी समोर बसून सगळं तपासलं. तेव्हा मी आत होतो. म्हणून चाललं."

"मग आता? तुम्ही जन्मभर आत बसणार?"

"नाही. त्याला सांगून ठेवता येतं, मी गेलो तरी थांब म्हणून. एका ओळीची कमांड आहे. लिंगर म्हणतात त्याला. म्हणजे रेंगाळणं."

हा शब्द उच्चारताना त्याचं तोंड जरा वाकडं झालं. आयुष्यात तो कुठे रेंगाळला नव्हता. आपल्या नावानं, आपण नसताना, काहीतरी उघडं आणि चालू राहणार ही कल्पनाच त्याला टोचत होती. पण दुसरा इलाज नव्हता. तो लॉगिन करायला वाकला.

सासूबाईंनी लॅपटॉपच्या झाकणावर झारा आडवा धरला.

"आधी डॉक्टर," त्या म्हणाल्या.

मग दोघंही ऐकत बसले. आतून बायको उठून आली, मुलीला खांद्यावर टाकून, कारण हाकलायला यावं तर बाहेर खटखट नव्हती आणि शांतताच संशयास्पद वाटत होती. तीही बसली.

आईनं डॉक्टरांना सावकाश सोडवलं. कडी शाळेतून आल्यावर रोजच्या सवयीनं सगळ्या कड्या बघत फिरला, न्हाणीघराची घातलेली दिसली, म्हणून खूश होऊन त्यानं आजीला सांगितलं की मागची मी सकाळीच लावली होती. आजीचं रडणं थांबलं. सगळे मागे धावले. डॉक्टर बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते. त्यांनी कोट चढवला, न्हाणीघरात आणखी एक साबण ठेवायला हवा एवढंच सुचवलं, आणि आलेच आहोत तर म्हणून आजोबांना पुन्हा तपासलं. ताप उतरला होता. डॉक्टर गेले नव्हते, म्हणजे आपण मरत नाही, हे कळल्याबरोबर उतरला होता.

बायको हसता हसता मुलीला सांभाळत होती. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती कडीला म्हणाली.

"आता त्याच मुलाला मुलगी झालीय," आई रेडिओवर पुढे सांगत होती. "मी अजून बघितली नाही. फोटो बघितला. नाक आमच्या घरचं आहे की त्यांच्या, ते फोटोत कळत नाही. इतक्यात गर्दी नको म्हणाले, ते बरोबरच आहे. बाळाला त्रास होतो. मी काही गर्दी नाही तशी, एकटीच आहे, पण एकदा म्हटलं की म्हटलं. बघेन नंतर. तर ते असो."

स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं. सासूबाई उठल्या नाहीत. "गर्दी नको" हे त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, शेजारणींना उद्देशून, पण सांगितलं होतं विहीणबाईंना.

"मी तसं म्हटलं नव्हतं," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणजे म्हटलं होतं. पण तसं नव्हतं म्हटलं."

"आई, मग फोन कर," बायको म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीपण बोल."

त्यांनी ताईच्या नंबरवर फोन लावला. ताईनं माइक बंद न करता तसाच फोन आईच्या कानाला लावला, त्यामुळे इकडचं बोलणं श्रोत्यांना ऐकू गेलं नाही, पण आईचं सगळं गेलं. लोकांना कळलं ते इतकंच: "हो. नाही हो, तसं काही नाही. उद्या? उद्या कसं, डब्याचं... बरं. बरं. नाकाचं काय म्हणता, तुमच्याकडचं? ते मी आल्यावर बघू." मग माइकपुढे वाकून आई म्हणाली, "मला आता निघायला हवं, बॅग भरायचीय," आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

कडीनं लॉगिन केलं, ती एक ओळ लिहिली आणि लॉगआउट केलं. पोस्टमास्तरांनी नमस्कार घातले, हवापाणी सांगितलं, मग पिण्याच्या पाण्याच्या वेळा, मग एक कविता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते शेवटापर्यंत पोचले. त्यांच्यामागून दुसरा कार्यक्रम लागला. ताईचा फोन आला तेव्हा कडीला वाटलं, कौतुक करायला केला असेल.

"झालं ना नीट?"

"झालं," ताई म्हणाली. "आता लोक विचारतायत, हे बंद कसं करायचं."

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. दारातच दोघी विहिणी एकमेकींना इतक्या आदरानं "तुम्ही आधी, तुम्ही आधी" म्हणत राहिल्या की शेवटी बायकोनं आतूनच ओरडून सांगितलं, मुलगी जागी आहे, ज्याला बघायचीय त्यानं आत्ताच यावं. नाकावर एकमत झालं नाही. आठवडा झाला तरी झालं नाही, आणि त्यासाठी दोघींना रोज मुलगी मांडीवर घेऊन उजेडात बसावं लागत होतं. ताई तिकडून रोज विचारायची, आई कधी परतणार, आठवड्यातून अर्धा तास दिला तर बोलेल का.

"सांग तिला, विचार करते," आई कडीला म्हणाली. "पण मला भिंतीशी नाही बोलता येणार आता. समोर कुणीतरी हवं."

"मी येते हवं तर," सासूबाई म्हणाल्या, आणि मुलीचा लंगोट बदलायला उठल्या.